'यजमान समुदाय' आणि 'तणाव' : चालतील का हे शब्द?

एका ताईंनी विचारलंय, त्या शांततेच्या कामासाठीच्या एका ट्रेनिंग पुस्तिकेचं मराठी करतायत, निर्वासित आणि ते जिथे येऊन राहिलेत तिथले लोक यांच्यात काय आणि किती बिनसलंय हे कसं तपासायचं असा विषय, उदाहरणं बांगलादेशातल्या कॉक्स बाजारची, तर त्यांनी 'होस्ट कम्युनिटी'ला 'यजमान समुदाय', 'टेन्शन'ला 'तणाव' आणि 'असेसमेंट'ला 'मूल्यमापन' केलंय, हे बरोबर आहे का?

कोशाप्रमाणे बरोबर आहे हो. पण मला तिन्ही खटकले, आणि सगळ्यात जास्त यजमान.

यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, स्वतःच्या खर्चाने करवून घेणारा. मग भटजींचा यजमान आला, माझ्या आजीच्या तोंडी 'आमचे यजमान' म्हणजे आजोबा, आणि आता वर्ल्डकपचं यजमानपद. या सगळ्यात ठरवणारा यजमानच असतो, घर त्याचं, कार्य त्याचं, आमंत्रण त्याचं. आता कॉक्स बाजारमधले उखिया आणि टेकनाफ हे दोन तालुके बघा, २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत म्यानमारमधून ७ लाखांच्या वर रोहिंग्या तिकडे आले, आधीचे धरून आकडा ९ लाखांच्या वर गेला, आणि तिथली मूळची वस्ती साधारण ५ लाखांची. त्यांना कोणी विचारलं होतं का, बाबा रे तुमच्या डोंगरावरचं जंगल तोडून तिथे छावणी टाकू का? सुरुवातीला गावकऱ्यांनी आपणहून अंगणात जागा दिली, भात शिजवून घातला, त्या पहिल्या आठवड्यांपुरता यजमान शब्द शोभतो, अगदी मनापासून शोभतो. पुढे रोजाची मजुरी पडली, सरपणासाठी टेकड्या बोडक्या झाल्या, बाजारात भाव चढले, रस्ते मदत संस्थांच्या गाड्यांनी भरले. त्या माणसाला तुम्ही फॉर्मवर 'यजमान' म्हणून लिहिणार म्हणजे जखमेवर मीठच.

पाहुणा म्हटलं की जायची तारीख आलीच, हा दुसरा घोळ. आपल्याकडे म्हणतातच, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. तुर्कस्तानात नेमकं हेच झालं, सीरियातून लोक यायला लागले तेव्हा सरकार त्यांना 'मिसाफिर' म्हणायचं, म्हणजे पाहुणे (आपला मुसाफिर तोच बरं का, फक्त तिकडे तो घरात येऊन बसला आणि आपल्याकडे रस्त्यावरच राहिला). ऐकायला गोड, पण पाहुण्याला हक्क नसतो, त्याला मिळते ती मेहेरबानी, आणि वर्षं गेली तसे लोक विचारायला लागले की हे पाहुणे जाणार कधी. गंमत म्हणजे होस्टचं मूळ जे लॅटिनमधे आहे तिथे एकच शब्द पाहुण्यालाही होता आणि पाहुणचार करणाऱ्यालाही, पण ते लॅटिनवाल्यांचं, आपल्या यजमानात ती सोय नाही.

मग काय लिहायचं? सरळ 'स्थानिक' लिहा, 'स्थानिक लोक', बोलताना 'गाववाले'. बांगलातही कागदोपत्री 'स्थानीय' चालतं. फक्त 'मूळ रहिवासी' नको, 'भूमिपुत्र' तर अजिबात नको, ते शब्द महाराष्ट्रात कुठल्या भाषणांतून आलेत ते वेगळं सांगायला नको.

निर्वासित तुम्ही ठेवलाय ते उत्तम. शरणार्थी हा हिंदीत रुळलेला, १९७१ मधे पूर्व बंगालमधून लोंढे आले तेव्हा पत्रावर ५ पैशांचं जे जास्तीचं तिकीट लावावं लागायचं त्यावरही 'शरणार्थी' होतं, पण मराठी कानाला 'शरण' म्हटलं की हार पत्करलेला माणूस दिसतो. निर्वासित म्हणजे ज्याला राहत्या जागेतून घालवलंय तो, दोष घालवणाऱ्याकडे. विस्थापितही नको, आपल्याकडे तो धरणाखाली गाव गेलेल्यांचा झालाय, आणि तो देशाची हद्द ओलांडलेला नसतो. बांगलादेश सरकार मात्र रोहिंग्यांना निर्वासित म्हणतच नाही, त्यांचा अधिकृत शब्द आहे 'बलपूर्वक वास्तुच्युत म्यानमार नागरिक', बांगला असून आपल्याला शब्दन् शब्द कळतो बघा. निर्वासित म्हटलं की त्याला चिकटलेले हक्क आले, आणि १९५१ च्या निर्वासित करारावर बांगलादेशने सही केलेली नाही (भारतानेही नाही). आणि टेकनाफच्या चहाच्या टपरीवर म्हणतात 'बर्माइया'. म्हणजे एकाच माणसाला तीन नावं, तुमच्या पुस्तिकेत कोण बोलतंय त्याप्रमाणे शब्द बदलायला हवा, सगळीकडे एकच शब्द ठोकून चालणार नाही.

आता तणाव. मराठी पेपर वाचणाऱ्याला तणाव म्हटलं की पुढे 'पोलीस बंदोबस्त' आणि 'तणावपूर्ण शांतता' दिसते. गावात जाऊन 'तणाव आहे का' विचारलंत तर उत्तर ठरलेलं, छे छे, आमच्याकडे सगळं शांत आहे, कारण हो म्हणणं म्हणजे आपल्या गावाला बट्टा. आणि खरं काय चाललंय ते तुम्हाला कळणारच नाही.

माझी आजी कल्याणची. फाळणीनंतर शेजारच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी निर्वासित आले, १९४९ मधे त्याचं उल्हासनगर झालं, पण आजी शेवटपर्यंत 'कॅम्प'च म्हणायची, आणि आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर ४ असंच सांगतात. तिच्या तोंडून मी तणाव हा शब्द कधी ऐकला नाही. ती सांगायची, आमच्या गल्लीतला वाणी कुरकुरायचा की कॅम्पातले लोक नफाच घेत नाहीत, आम्ही खायचं काय, आणि नळावर कुरबूर व्हायची, बायकाबायकांत. हे सांगून वर म्हणायची, कापड मात्र मी कॅम्पातूनच घ्यायचे, स्वस्त पडायचं ना.

तर ही शब्दांची उतरंड आपल्याकडे तयार आहे, आणि तुमच्या कामाला ती इंग्रजीपेक्षा जास्त उपयोगी आहे. नुसता शब्द बघू नका, त्याच्यापुढे क्रियापद कुठलं येतं ते बघा. कुरबूर 'होते' आणि 'मिटते', दोन बायकांनी नाहीतर एखाद्या म्हाताऱ्याने मिटवली की संपली. धुसफूस 'चालू असते', आतल्या आत, ती कोणी मिटवत नाही कारण ती आहे हेच कोणी कबूल करत नाही, आणि मग एक दिवस 'बाहेर पडते'. तेढ मात्र आपोआप होत नाही, तेढ 'निर्माण केली' जाते, 'वाढवली' जाते, तिच्यामागे कर्ता असतो, म्हणूनच पोलिसांच्या एफआयआरमधे 'दोन समाजांत तेढ निर्माण करणे' असतं, धुसफूस निर्माण केल्याचा गुन्हा मी तरी ऐकला नाही. वितुष्ट दोन माणसांत, दोन घरांत, ते समाजाला लावू नका. मजुरी पडली म्हणून उखियातला मजूर चिडलाय ती धुसफूस, आणि ते बघून फेसबुकवर कोणी 'यांना हाकला' म्हणून मोहीम चालवली की ती तेढ. एकीवर उपाय कामाचा आणि पाण्याचा, दुसरीवर उपाय वेगळाच. इंग्रजीत दोन्ही टेन्शनच, त्यामुळे जिथे जिथे तो शब्द येईल तिथे थांबून कुठली पायरी आहे ते ठरवावं लागेल, कटकट आहे पण इलाज नाही.

मूल्यमापनाला दहावीच्या पेपरचा वास येतो. 'पाहणी' म्हटलंत तर लोकांना वाटेल मागून नुकसानभरपाई येणार. रिपोर्टच्या मथळ्यात 'आढावा' ठेवा आणि कार्यकर्त्यांना समजावताना 'कानोसा घेणे' वापरा, कामाचं स्वरूप तेच आहे. 'पीसबिल्डिंग'ला शांतता-बांधणी बघून तर मी कपाळावर हात मारला, सलोखा हा एवढा चांगला शब्द पडलाय ना, पेशवाईच्या कागदांत तहाला 'सलूख' म्हणायचे त्याच घराण्यातला, आणि २०२३ मधे महसूल खात्याने शेतजमिनीच्या अदलाबदलीच्या योजनेला हेच नाव दिलं तेव्हा कोणाला अर्थ विचारावा लागला नाही.

तुम्ही नमुन्याचा प्रश्न पाठवलाय, 'आपल्या भागात यजमान समुदाय व निर्वासित यांच्यात तणाव आहे का?', तो मी असा करीन: 'पाण्यावरून, मजुरीवरून, बाजारात कॅम्पातल्या लोकांशी कधी कुरबूर होते का? मागची कधी झाली, आणि कोणी मिटवली?' आणि हाच प्रश्न कॅम्पात विचारताना 'कॅम्पातल्या लोकांशी' काढून 'गाववाल्यांशी' घाला, तुम्ही पाठवलेल्या पानात तो एकाच बाजूला विचारलाय.