मेक्सिकन अल्बोंदिगास सूप करताना गोळे फुटतात आणि रस्सा कच्चट लागतो. कुठे चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की खिम्याचे गोळे खळखळत्या पाण्यात सोडले तर निम्मे सुटले, आणि टोमॅटो वाटून वरून घातला तरी रस्सा कच्चट आणि पाणचट राहिला. या दोन वेगळ्या चुका आहेत. रस्सा आधी घेतो, कारण गोळे फुटलेलं सूप निदान खाता तरी येतं.

मेक्सिकोत याला काल्दो दे अल्बोंदिगास म्हणतात: पातळ रस्सा, भाज्या आणि पोटात तांदूळ असलेले खिम्याचे गोळे. चिपोतले मिरचीच्या दाट सॉसमधले अल्बोंदिगास हा निराळा प्रकार आहे. नेटवर दोन्हींच्या कृती एकमेकींत मिसळलेल्या सापडतात, म्हणून कृतीत पाण्याचं प्रमाण किती दिलंय ते आधी बघा. चार-पाच जणांच्या सुपाला दोन लिटर लागतं.

रस्सा. तीन मोठे लाल टोमॅटो (साधारण ४०० ग्रॅम), अर्धा कांदा आणि सालासकट तीन लसूण पाकळ्या कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. लसूण आधी होतो, तो काढून सोला. हे सगळं मिक्सरमधून काढा, पाणी न घालता, आणि गाळून घ्या. आता जाड बुडाच्या, पसरट, पाच लिटरच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवा आणि वाटण त्यात ओता. चर्र असा आवाज आला पाहिजे. आठ-दहा मिनिटं परता. रंग केशरी-लालवरून विटकरी होतो आणि कडेने तेल सुटतं, तिथे थांबा. आपण वाटण परततो तेच हे, फक्त मसाल्याविना. तुमचं नेमकं इथेच राहिलं. उकळत्या पाण्यात घातलेल्या टोमॅटोचा कच्चा आंबटपणा नुसत्या उकळण्याने जात नाही.

मग दोन लिटर गरम स्टॉक घाला. मटणाची ३०० ग्रॅम हाडं कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढून गाळलेलं पाणी उत्तम. नसेल तर साधं गरम पाणी चालेल. स्टॉकच्या पाकिटात मीठ असतं, तेव्हा चव घेऊन मगच मीठ घाला. बिनमिठाच्या स्टॉकला दोन सपाट छोटे चमचे पुरतात.

तिखट हवं असेल तर एक चिपोतले वाटणात टाका. चिपोतले म्हणजे पिकलेली हालापेन्यो मिरची धुरावर वाळवलेली. नसेल तर भिजवलेल्या दोन ब्याडगी आणि चिमूटभर स्मोक्ड पॅप्रिका घाला. जळत्या कोळशाचा धूर मात्र देऊ नका, सुपाला कबाबाचा वास येतो. आलं आणि गरम मसाला यांचंही इथे काही काम नाही.

आता गोळे. अर्धा किलो मटणाचा खिमा घ्या, त्यात पाचवा हिस्सा चरबी असू द्या. मेक्सिकोत बहुधा गोमांस किंवा गोमांस आणि डुकराचं मांस मिसळून घेतात. चिकनचा खिमा चालतो, पण तो कोरडा पडतो, म्हणून त्यात एक मोठा चमचा तेल मिसळा. खिमा घरी आणून धुऊ नका, पाणी आत धरून ठेवतो. मांसाचा तुकडा धुऊन, निथळून, मग दळून आणा. धुतलेला खिमा हे गोळे फुटण्याचं पहिलं कारण.

खिम्यात आधी फक्त मीठ घाला, दीड सपाट छोटा चमचा, आणि दोन मिनिटं हाताने मळा. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि मिश्रण हाताला चिकटायला लागतं. तोच गोळ्याचा डिंक आहे. मग बाकीचं: धुऊन वीस मिनिटं भिजवून पूर्ण निथळलेला ६० ग्रॅम कच्चा तांदूळ, एक अंडं, अगदी बारीक चिरून पिळलेला छोटा कांदा, दोन किसलेल्या लसूण पाकळ्या, दहा-बारा पुदिन्याची पानं बारीक चिरून, अर्धा छोटा चमचा ऑरेगॅनो, तेवढीच जिरेपूड आणि मिरपूड. आता हलक्या हाताने, जेमतेम एकत्र होईपर्यंतच मिसळा. इथे पुन्हा मळत बसलात तर गोळे रबरासारखे होतात.

पुदिना गाळू नका. खिम्यातल्या पुदिन्यानेच हे सूप ओळखू येतं. तिकडे त्याला येर्बाबुएना म्हणतात. ऑरेगॅनोचं पाकीट घेताना त्यावर ‘सीझनिंग’ लिहिलं असेल तर सोडून द्या, त्यात मीठ आणि इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. मेक्सिकन ऑरेगॅनो तर वेगळ्याच कुळातली वनस्पती आहे, पण साधा चालतो.

तांदूळ कोलम घ्या. बासमती लांब फुलतो आणि गोळ्यातून काट्यासारखा बाहेर येतो. शिजलेला भात घातलात तर गोळा पिठूळ होतो, कारण कच्चा तांदूळ शिजताना आतला रस पितो; भात आधीच पिऊन बसलेला असतो.

ओल्या हाताने ३० ते ३५ ग्रॅमचे, छोट्या लिंबाएवढे गोळे वळा, वीसेक होतात. वर भेग दिसली तर बोटाने मिटवा. (‘अल्बोंदिगा’ हा शब्द अरबीतून स्पेनमार्गे मेक्सिकोत गेला. मूळ ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, त्यावरून छोटी गोळी. आपली बंदूक त्याच शब्दातून निघाली.) सगळे वळण्याआधी चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून मीठ बघा. तांदूळ कच्चा लागेल, तिकडे दुर्लक्ष करा. गोळे मात्र भाजून घेऊ नका. वरचा तांदूळ कडक होतो तो होतोच, आणि मांसाचा रस रश्शात कमी उतरतो.

आता तुमची दुसरी चूक. गोळ्यांच्या आमटीत आपण गोळे खळखळत्या आमटीत सोडतो, नाहीतर डाळ विरघळते. ती सवय इथे नडते. खिम्याला सावकाश आवळायला वेळ लागतो आणि खळखळ तेवढ्यात त्याला आपटून फोडते. रश्शाला एक उकळी आणा, गॅस बारीक करा, आणि कडेने छोटे बुडबुडे येत असताना गोळे एकेक करून, एकमेकांवर न पडता सोडा. पहिली सात-आठ मिनिटं डाव घालू नका. फार वाटलं तर पातेलं दोन्ही कानांना धरून हलकेच फिरवा. फेस वर आला की काढत रहा, नाहीतर रस्सा गढूळ होतो.

झाकण अर्धवट ठेवा. पंधरा मिनिटांनी दोन गाजरं आणि दोन बटाटे घाला, दोन्ही जाड फोडी करून. आणखी दहा मिनिटांनी एक झुकिनी. ती मऊ पडायला सात-आठ मिनिटं पुरतात, लवकर घातली तर लगदा होतो. एकूण ३५ ते ४० मिनिटं. शेवटी एक गोळा कापून बघा: तांदळात पांढरा कच्चा ठिपका नको. थर्मामीटर असेल तर मध्यभागी मटणाला ७१ आणि चिकनला ७४ अंश सेल्सियस. कुकरमध्ये गोळे टाकायचा मोह आवरा.

वाढताना वर कोथिंबीर आणि बारीक चिरलेला कच्चा कांदा, आणि लिंबू पिळायचं ते ताटलीतच. पातेल्यात पिळून उकळलं तर कडवटपणा येतो. सोबत गरम तोर्तिया, म्हणजे तिकडची मक्याची पातळ पोळी. मक्याची भाकरी चालेल, पण ती चव येणार नाही, कारण तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात.

काही घरांत गोळ्याच्या पोटात उकडलेल्या अंड्याचा तुकडा घालतात. तसं करायचं असेल तर गोळा ५० ग्रॅमचा करा आणि दहा मिनिटं जास्त द्या.

उरलं तर दुसऱ्या दिवशी रस्सा निम्मा झालेला दिसेल, तो तांदळाने आणि बटाट्याने प्यायलेला असतो. गरम करताना एक-दोन कप पाणी आणि चिमूटभर मीठ घाला. फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर बटाटे काढून ठेवा, ते रवाळ होतात.