टायकनला १९, २० की २१ इंची चाकं घ्यावीत? मागच्या चाकांचं स्टिअरिंग खरंच उपयोगाचं आहे का?

तुम्ही म्युनिकमध्ये राहता, पोर्शची विजेवर चालणारी टायकन ४एस मागवताय आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: चाकं कोणत्या मापाची घ्यावीत, मागच्या चाकांच्या स्टिअरिंगवर (वळताना मागची चाकंही थोडी वळवणाऱ्या यंत्रणेवर) पैसे घालावेत का, आणि मोठ्या चाकांनी रेंज किती कमी होते. माझं उत्तर आधीच सांगते. २१ घेऊ नका. मागचं स्टिअरिंग घ्याच. मी याच्या बरोबर उलट केलं होतं आणि तीन वर्षं ते भोगलं, म्हणून एवढं लिहायला बसले आहे.

मी मूळची साताऱ्याची, आता सतरा वर्षं स्टुटगार्टजवळ राहते. सस्पेन्शनचे रबरी बुश, म्हणजे सांध्यांत धक्का जिरवणारे रबराचे तुकडे, तपासणं हे माझं रोजचं काम. म्हणजे चाकाच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरीही २०२० च्या शरद ऋतूत लीजवर ४एस मागवताना मी धाकट्या भावाचं ऐकलं. तो पुण्यात, मी इथे, स्क्रीन शेअर करून आम्ही गाडी जुळवत होतो. मूळच्या १९ इंची चाकांवर त्याने नाक मुरडलं. "ताई, एवढी गाडी घेतेस आणि चाकं टॅक्सीसारखी? २१ टाक. आणि ते मागचं स्टिअरिंग काढ, नवीन खूळ आहे ते. कोणाला दिसणार आहे?" बजेटमध्ये एकच बसत होतं. मी २१ टाकलं आणि मागचं स्टिअरिंग काढलं.

आधी त्या "नवीन खुळाचं" बोलते, कारण हे वाक्य तो अजून ऐकवतो. निसानने स्कायलाइनमध्ये मागची चाकं वळवायची यंत्रणा १९८५ मध्ये दिली. १९८७ च्या होंडा प्रेल्यूडमध्ये तर कॉम्प्युटरशिवाय, थेट पुढच्या स्टिअरिंगपासून मागे गेलेल्या दांड्याने मागची चाकं वळत. म्हणजे ही कल्पना माझ्या भावापेक्षा वयाने मोठी आहे.

आता मूळ गोष्ट. आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. रॅम्प उतरताना डावीकडे वळतो, खाली एक खांब आहे, आणि आतल्या बाजूला काँक्रीटचा वीतभर उंचीचा कठडा आहे. पहिल्या दीड वर्षात मागच्या डाव्या रिमला तिथे तीनदा खरवड लागली. मी स्वतःलाच दोष द्यायची, आणखी सावकाश उतरायची, आणखी बाहेरून वळण घ्यायची. बाहेरून घ्यायला गेलं की पुढचा उजवा कोपरा खांबाला टेकायला यायचा.

मे २०२२ मध्ये माझे वडील आले. आण्णा एसटीत चालक होते, निम्मं आयुष्य घाटात गेलेलं. एका रविवारी आम्ही ब्लाउबॉयरेनचं निळं कुंड बघायला निघणार होतो. मी पिशव्या ठेवत होते आणि आण्णा सवयीप्रमाणे गाडीभोवती फिरत होते. डेपोतून बस काढण्याआधी ते प्रत्येक टायरवर हात फिरवायचे, तसंच इथेही. मागच्या डाव्या चाकापाशी ते थांबले, खाली बसले, आणि टायरच्या भिंतीवर तळहात ठेवून म्हणाले, "ह्याला फुगा आलाय. ही गाडी न्यायची नाही."

मी वाकून बघितलं. अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा. नुसत्या डोळ्यांनी बघून मला तो कधीच दिसला नसता, तळघरात उजेड तो किती असतो. फुगा येतो म्हणजे काय होतं, तर कठड्यावर आदळताना टायरची भिंत कठडा आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात, आणि आतली हवा तेवढ्या जागेतून रबर बाहेर ढकलते. तसा टायर कधी फुटेल याचा नेम नसतो. आम्ही ज्या रस्त्याने परतणार होतो, तो ए८ या हायवेचा ड्राकेनश्टाइनचा उतार आहे. अरुंद, जुना, आणि आणीबाणीत बाजूला घ्यायला वेगळी पट्टी नाही. दोन टनांहून जड गाडी, मागच्या सीटवर माझी मुलगी. त्या उताराच्या पुढचा विचार मी अजूनही करत नाही.

आण्णांनी विचारलं, "स्टेपनी कुठाय?" स्टेपनी नसतेच या गाडीला. दुरुस्तीचा फेस भिंतीच्या जखमेवर चालत नाही. टायरवाल्याकडे ३०५/३० आर२१ हे माप आणि वर गाडीच्या कंपनीने मान्य केलेलं, एन अक्षराने सुरू होणारं चिन्ह, असा टायर शिल्लक नव्हता. अकरा दिवस गाडी तशीच उभी राहिली. जोडीचा टायर निम्मा झिजलेला, म्हणून दोन्ही बदलावे लागले. रिमच्या दुरुस्तीसकट हजार युरोच्या वर गेले.

टायर आल्यावर आण्णांनी केलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. बादलीभर पाणी आणून त्यांनी रॅम्पच्या वरच्या सपाटीवर आडवं ओतलं आणि मला म्हणाले, "ह्याच्यावरनं गाडी घे, सावकाश खाली उतर आणि थांब." मी उतरले, गाडी लावली, परत वर चालत आले. कोरड्या काँक्रीटवर चाकांच्या ओल्या रेघा उमटल्या होत्या. बाहेरची रेघ पुढच्या चाकाची, आतली मागच्या चाकाची. वळणाच्या मध्यावर आण्णा उकिडवे बसले आणि दोन्ही रेघांमधलं अंतर हाताने मोजलं. साडेतीन वीत.

"तू पुढचं चाक बघून वळवतीस," ते म्हणाले. "मागचं चाक कुठनं जातंय, बघितलंस का कधी?"

एसटीच्या चालकाला हे पहिल्या महिन्यात कळतं. लांब बस घाटातल्या वळणावर मागची चाकं आत ओढते, म्हणून वळण बाहेरून घ्यायचं. मी बुश तपासणारी इंजिनिअर, आणि मला हे माझ्या स्वतःच्या गाडीत सुचलं नव्हतं. त्या रात्री कागदावर हिशेब केला. टायकनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.९ मीटर. स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवलेलं असताना मागचं चाक पुढच्यापेक्षा सुमारे ८० सेंटीमीटर आतून जातं. आण्णांच्या साडेतीन विती म्हणजे तेवढंच. मग मागची चाकं उलट दिशेला २.८ अंश वळवून तोच हिशेब पुन्हा केला, कारण या गाडीत ती जास्तीत जास्त तेवढी वळतात. अंतर ६५ च्या आसपास आलं. पंधरा सेंटीमीटर. माझ्या रिमला कठडा लागत होता तो दोन-तीन सेंटीमीटरने.

म्हणून मी म्हणते की तुमचे पहिले दोन प्रश्न वेगळे नाहीतच. मागचं चाक किती आतून जातं हे स्टिअरिंग ठरवतं, आणि आतून गेल्यावर कठड्याला रिम लागते की रबर, हे चाकाचं माप ठरवतं. तीनही मापांत टायरचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच असतो. रिम वाढली की रबराची भिंतच कमी होते. मागच्या टायरचं बघा (पहिला आकडा रुंदी मिलीमीटरमध्ये, दुसरा भिंत त्या रुंदीच्या किती टक्के): १९ ला २७५/४५, म्हणजे भिंत १२.४ सेंटीमीटर. २० ला २८५/४०, ११.४ सेंटीमीटर. २१ ला ३०५/३०, जेमतेम ९.२. खड्डा, कठडा, रुळांची फट, सगळं त्या तेवढ्या रबराने झेलायचं. माझा भाऊ म्हणतो की एअर सस्पेन्शन आहे, चाकाने काय फरक पडतो? फरक पडतो. सस्पेन्शन हलण्याआधी धक्का टायरने घ्यायचा असतो, आणि बारीक कर्कश खडखड तर सस्पेन्शनपर्यंत पोचायच्या आत टायरनेच गिळायची असते. हे मी रोज यंत्रावर बघते.

लीज संपल्यावर गाडी परत करताना रिमच्या उरलेल्या खरवडींचे पैसे वेगळे कापले. मग मी त्याच मॉडेलची, २०२१ ची वापरलेली गाडी शोधली. अट एकच: मागचं स्टिअरिंग हवं आणि चाकं २० ची. चार महिने लागले. चाकं तुम्ही केव्हाही बदलू शकता. मागचं स्टिअरिंग गाडी बनतानाच बसवून घ्यायचं असतं, नंतर पश्चात्तापाला जागा नाही. तुमच्यासारख्या नवी गाडी मागवणाऱ्याला माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे.

चालवताना काय जाणवतं? साधारण ५० च्या खाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळतात. टर्निंग सर्कल, म्हणजे पूर्ण वळायला लागणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ११.७ मीटरवरून ११.२ वर येतं. अर्धा मीटर ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या खांबापाशी मला पूर्वी एकदा मागे घ्यावं लागायचं, आता एका दमात निघते. ८० च्या वर मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला वळतात, आणि गाडीचा व्हीलबेस लांब असल्यासारखी ती स्थिर राहते. ए८१ वर वेगात लेन बदलताना पहिल्या गाडीत पुढचा भाग आधी जायचा आणि मागचा किंचित उशिरा यायचा. आताची अख्खी गाडी एकदम बाजूला सरकते. हे एकदा अंगाला कळलं की परत मागे जाववत नाही. यात आणखी पुढे गेलेल्या गाड्याही आहेत. मर्सिडीजची ईक्यूएस ५.२ मीटर लांब, पण दहा अंशांचा पर्याय घेतला तर १०.९ मीटरमध्ये वळते.

रेंजचं थोडक्यात. माझ्या वहीत दोन्ही गाड्यांच्या नोंदी आहेत. उन्हाळ्यात १२० च्या आसपास चालवताना २१ वर शंभर किलोमीटरला २४ युनिट, २० वर साडेबावीस. माझ्या या गाड्यांच्या मोठ्या बॅटरीत वापरता येण्याजोगे ८३.७ युनिट धरले तर तेवीसेक किलोमीटरचा फरक.

१९ की २०? उन्हाळ्याला २०, आणि ऑक्टोबर ते ईस्टर या काळातल्या हिवाळी टायरना १९. मी तसंच करते.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. १९ चं सगळं बोलणं ४एस पुरतं आहे. टर्बो या वरच्या मॉडेलच्या पुढच्या ब्रेकची डिस्क ४१५ मिलीमीटरची, तिच्यावर १९ ची रिम बसतच नाही. टर्बो एस घेतलीत तर मागचं स्टिअरिंग मूळचंच येतं. तुम्ही गाडी सर्किटवर पळवणार असाल तर २१ च्या रुंद टायरची पकड खरी आहे, तिथे मी वाद घालणार नाही. मागचं स्टिअरिंग असलेली गाडी भिंतीला अगदी लागून उभी असेल आणि तुम्ही पूर्ण वळवून बाहेर काढलीत, तर मागचा कोपरा आधी भिंतीकडे जातो. पहिले आठ दिवस हे लक्षात ठेवा. आणि गाडीची रुंदी काही यानं कमी होत नाही: आरशांसकट २.१४ मीटर, म्हणजे ऑटोबानवर काम चालू असताना डाव्या लेनला २.१ ची पाटी दिसली की तिकडे जायचं नाही. म्युनिकला डुप्लेक्स पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारे यांत्रिक पाळणे) पुष्कळ आहेत. तुमचं तसं असेल तर ऑर्डर देण्याआधी वजनाची मर्यादा वाचा, कित्येक जुन्या पाळण्यांना २००० किलोच चालतात.

आणि शोरूमवाल्याकडून चाचणीची गाडी घ्याल तेव्हा ती हायवेवर नेऊ नका, तुमच्या पार्किंगमध्ये न्या. शक्य झालं तर मागच्या स्टिअरिंगची एक आणि त्याशिवायची एक, दोन्ही न्या. सोबत बादलीभर पाणी असू द्या.

नवी गाडी घरी आली त्याच संध्याकाळी मी हे केलं. आण्णा साताऱ्याहून व्हिडिओवर होते, भाऊही शेजारी बसला होता. पाणी ओतलं, उतरले, वर आले. आण्णा म्हणाले, "वितीनं मोज." माझी वीत त्यांच्याहून लहान, म्हणून टेप लावला आणि आकडा कॅमेऱ्यासमोर धरला. ६४ सेंटीमीटर. भाऊ काही बोलला नाही. आण्णांनी टेप जरा जवळ धरायला सांगितला.