‘इतकी वर्षं झोपली होती का?’

ताई, मी 46 वर्षांची. 2006 मध्ये आमच्या साहेबांनी फाईल बघायच्या निमित्ताने केबिनचं दार लावलं आणि ते अंगचटीला आले. तक्रार कुठे करायची तेच माहीत नव्हतं. मी नोकरी सोडली, कुणालाच काही बोलले नाही. परवा टीव्हीवर एका नटीची जुनी तक्रार दाखवत होते. भातावर आमटी घेता घेता हे म्हणाले, “इतकी वर्षं झोपली होती का? सगळं प्रसिद्धीसाठी.” मी ताटावरून उठले. तेव्हापासून झोप नाही. आता तक्रार करता येईल का? नाव घेऊन लिहिलं तर तो माझ्यावरच केस करेल का? ह्यांना सांगू का?

तुमचं काहीही चुकलेलं नाही. त्या नटीचं खरं-खोटं मला ठाऊक नाही, तुमच्या यजमानांनाही नाही. पण त्यांचं वाक्य तिच्यापर्यंत पोचलंच नाही, लागलं ते तुम्हाला. अशी बातमी आली की घरोघरी कितीतरी जणी गप्प बसून ऐकत असतात आणि आपलं कुणी ऐकून घेईल का, हे तिथेच ताडतात. या शेरेबाजीचा मला फार राग येतो.

पत्रकार प्रिया रमाणींनाही हाच प्रश्न विचारला गेला. संपादक एम. जे. अकबर यांनी 1993 मध्ये मुंबईतल्या हॉटेलात नोकरीच्या मुलाखतीला बोलावून गैरवर्तन केलं, असं त्यांनी 2018 मध्ये नाव घेऊन सांगितलं. आरोप झाला तेव्हा अकबर केंद्रात राज्यमंत्री होते. त्यांनी आरोप नाकारले, फौजदारी अब्रुनुकसानीची केस केली आणि राजीनामाही दिला. 17 फेब्रुवारी 2021 रोजी दिल्लीच्या कोर्टाने रमाणींना निर्दोष सोडलं. बाईला कितीही वर्षांनी, तिला हव्या त्या व्यासपीठावर तक्रार मांडायचा हक्क आहे, असं निकालात म्हटलं. अकबर त्यावर अपिलात गेले. निकाल धीर देणारा आहेच. पण दोन वर्षांहून जास्त काळ आरोपी म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या रमाणींनी.

म्हणून रागाच्या भरात फेसबुकवर नाव टाकू नका. अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिहिलेलं खरं आणि लोकहिताचं आहे हा बचाव आहे, पण तो सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

पोलिसांतल्या तक्रारीची वाट अवघड आहे. गुन्हा घडला तेव्हाचा कायदा लागतो. 2006 मध्ये विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती आणि तशा गुन्ह्यासाठी कोर्टात मुदत तीन वर्षांची. उशीर माफ करायचा अधिकार कोर्टाला आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका. कामाच्या ठिकाणच्या छळाचा कायदा 2013 चा. मात्र सुप्रीम कोर्टाच्या 1997 च्या विशाखा निकालामुळे ऑफिसात तक्रार समिती तेव्हाही बंधनकारक होती. ती तुम्हाला कुणी दाखवलीच नाही. गप्प राहिल्याचा जाब विचारायचाच, तर आधी त्या ऑफिसला विचारावा.

यजमानांना सांगा, असं मला मनापासून वाटतं. नटीवरून वाद घालू नका. टीव्ही बंद असताना, “त्या दिवशी मी जेवता जेवता का उठले ते सांगायचंय,” एवढ्याने सुरुवात करा. “मला आधी का नाही बोललीस?” असं ते म्हणतील, त्यामागे दुखावलेपण असू शकतं, वेळ द्या. पण “तू काय केलं होतंस?” असं आलं, तर तिथेच थांबा आणि विश्वासातल्या बहिणीला, मैत्रिणीला फोन लावा. झोपेसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाण्याआधी महिना, केबिन, तेव्हा ऑफिसात कोण होतं, राजीनाम्याची प्रत कुठे आहे, हे सगळं वहीत लिहून काढा. जे आठवत नाही ते अंदाजाने भरू नका, तिथे जागा कोरी सोडा.