लहानपणीच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर जुना आर्केड गेम स्वतः लिहून चालवता येतो का?

येतो. मी चालवलाय. ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि टीव्हीही जुना डब्बाच. पण तुम्ही पुढे जे विचारलंय, की सी ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येते, सुरुवात पॅक-मॅनपासून करू का आणि महिनाभरात होईल का, त्याचं उत्तर आधी देतो. पॅक-मॅन घेऊ नका, आणि महिनाभराचं डोक्यातून काढून टाका. मला फक्त शनिवार-रविवार बसून आठ महिने लागले. त्यातला दीड महिना एका मूर्खपणानं खाल्ला, तो खाली सांगतोच.

पॅक-मॅन का नको? आर्केडमधल्या मशीनचा पडदा उभा होता, २२४ बाय २८८ पिक्सेल. त्यातला भूलभुलैया आठ-आठ पिक्सेलच्या टाइल्सचा: रुंदीला २८, उंचीला ३१. एकतीस आठे २४८. आपला टीव्ही गेम म्हणजे फॅमिकॉम या जपानी गेम मशीनची नक्कल, त्याचा पडदा २५६ बाय २४०. नुसता भूलभुलैयाच आठ पिक्सेल बाहेर लटकतो, मग गुण कुठे लिहायचे? १९८४ साली मूळ कंपनी नामकोनं स्वतः तो फॅमिकॉमवर आणला तेव्हा त्यांनीही भूलभुलैया दाबून बसवला आणि गुण उजवीकडे सरकवले. पहिल्याच गेमला ही कापाकापी कशाला?

त्यापेक्षा स्पेस इन्व्हेडर्स घ्या. वरून उतरत येणाऱ्या शत्रूंना खालून गोळ्या घालायचा गेम, टायटो कंपनीचा, १९७८ चा, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला. पडदा २२४ बाय २५६, म्हणजे आपल्याला उंचीत फक्त दोन टाइल कमी पडतात. वरच्या गुणांच्या ओळी एकात एक घातल्या की भागतं. अख्खा प्रोग्राम ८ केबीचा. टायटोनं १९८५ साली तोही फॅमिकॉमवर आणला होता, तेव्हा जगात पहिल्यांदा काहीतरी करतोय असा आव आणू नका. शिकायला मात्र याच्यासारखा गेम नाही, कारण त्याचं अख्खं वागणं मशीनच्या गरिबीतून आलेलं आहे.

हे समजून घ्या, बाकी सगळं यावर उभं आहे. पडद्यावर ५५ शत्रू, अकरा-अकराच्या पाच रांगा. त्यातला ८०८० प्रोसेसर २ मेगाहर्ट्झचा, त्याला एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, सगळे हलवणं झेपत नाही. म्हणून एका फ्रेमला एकच शत्रू दोन पिक्सेल सरकतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे सगळी पलटण एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद घेते. तुम्ही मारत गेलात की उरलेल्यांची पाळी लवकर येते आणि ते पळायला लागतात. वेग वाढवणारा वेगळा कोड जवळजवळ नाहीच. निशिकादोंना ते दिसलं आणि त्यांनी तसंच राहू दिलं.

आता आपल्या बाजूला या. तुम्हाला वाटेल शत्रू स्प्राइटनं, म्हणजे पडद्यावर कुठेही सरकवता येणाऱ्या छोट्या चित्रांनी, काढावेत. मलाही वाटलं होतं. फॅमिकॉमला ६४ स्प्राइट आहेत खरे, पण एका आडव्या ओळीत आठच दिसतात. रांगेत शत्रू अकरा, म्हणजे निदान तीन गायब. मग उरतात पार्श्वभूमीच्या टाइल्स, आणि टाइल काही दोन-दोन पिक्सेल सरकत नाही, ती आठाच्या घरातच बसते. आर्केडच्या बोर्डावर चित्र बिटाबिटानं सरकवायला खास वेगळी चिप होती. आपल्याकडे ती नाही, म्हणून प्रत्येक शत्रूची सरकवलेली चित्रं आधीच काढून ठेवायची: शून्य, दोन, चार आणि सहा पिक्सेलवर.

इथे मी गणिताची चौकटीची वही घेऊन बसलो. सर्वांत खालचा शत्रू १२ पिक्सेल रुंद, त्याला जागा १६ पिक्सेलची, दोन्ही बाजूंना दोन-दोन रिकामे. शून्यावर तो दोन टाइल्समध्ये बसतो, दोनवरही बसतो, सहावर एक घर पुढे जाऊन पुन्हा दोनच टाइल्समध्ये नीट बसतो. चारवर मात्र त्याचे शेवटचे दोन पिक्सेल तिसऱ्या टाइलमध्ये सांडतात, आणि नेमक्या त्याच टाइलमध्ये शेजाऱ्याचे पहिले दोन पिक्सेल असतात. मग त्या टाइलचे तीन प्रकार: दोघं जिवंत, फक्त डावा, फक्त उजवा. एवढ्यावर संपत नाही. एका फ्रेमला एकच हलतो, म्हणजे डावा पाऊल टाकून सहावर पोचलाय आणि उजवा अजून चारवरच उभा आहे अशीही वेळ येते. त्याची आणखी एक टाइल. वहीची सहा पानं भरली तेव्हा कुठे यादी पूर्ण झाली. शेवटचा एकच शत्रू उरला की मूळ गेममध्ये तो उजवीकडे जाताना दोनऐवजी तीन पिक्सेल टाकतो. तिथे ही सगळी व्यवस्था मोडते. पण तेव्हा एकटाच असतो ना, त्याला सरळ स्प्राइट करून टाका.

आता माझा मूर्खपणा. भारतातले जुने टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम; म्हणून मी एम्युलेटर (संगणकावर टीव्ही गेमची नक्कल करणारा प्रोग्राम) पालवर ठेवून सगळं लिहिलं. तिथे झकास चाललं. मग एका मित्राकडून मागून आणलेल्या फ्लॅश कार्ट्रिजवर (हवा तो गेम भरता येणारी कॅसेट) टाकून खऱ्या टीव्ही गेमला लावलं, तर पडद्याच्या मधोमध कचरा, शत्रूंच्या जागी अक्षरांचे तुकडे. मी पिना पुसल्या, फुंकर मारली, अ‍ॅडॉप्टर बदलला. दीड महिना हेच.

कारण असं. टाइल्स बदलायच्या तर दोन फ्रेमच्या मधल्या सुट्टीत, तिला व्हीब्लँक म्हणतात. युरोपच्या अस्सल पाल मशीनमध्ये ही सुट्टी ७० ओळींची, म्हणजे पडद्याच्या ७० ओळी काढायला लागेल तेवढ्या वेळाची. आपल्याकडे आलेल्या नकला ५० हर्ट्झवरच चालतात, पण त्यांची सुट्टी मूळ जपानी मशीनसारखी, फक्त २० ओळींची. म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या साधारण २२७० सायकल. मी दर फ्रेमला पाचही रांगा नव्यानं लिहीत होतो, १६० बाइट. लूपमध्ये एका बाइटला १३ सायकल, झाले २०८०. स्प्राइटांची यादी पाठवायला ५१३ वेगळे. बेरीज करा. एम्युलेटरमध्ये या नकलांसाठी वेगळी सेटिंग असते, नाव 'डेंडी', रशियात खपलेल्या अशाच मशीनवरून पडलेलं. मेसेन आणि एफसीईयूएक्स या दोन्ही एम्युलेटरांत आहे. पहिल्या दिवशी ती लावा.

आणि उपाय तर मूळ गेमनंच दिला होता. एका फ्रेमला एकच शत्रू हलतो, तर तेवढाच लिहा ना. तीन टाइल पुसायच्या, तीन काढायच्या, जास्तीत जास्त सहा बाइट. १६० लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पुढची चूक माझ्या चुलतभावानं पकडली. शाळेत असताना तो जत्रेतल्या मशीनवर हा गेम भरपूर खेळलेला. माझ्याकडे दहा मिनिटं खेळून म्हणाला, "अरे, हे सगळे जेवून आल्यासारखे चालतायत." बरोबर होतं त्याचं. ५५ फ्रेम ६० हर्ट्झवर ०.९२ सेकंद, ५० हर्ट्झवर १.१ सेकंद. यावर साधी युक्ती: दर पाचव्या फ्रेमला खेळाचं पाऊल दोनदा टाकायचं, पाच फ्रेममध्ये सहा पावलं, हिशोब जुळला. शत्रू चालताना वाजणाऱ्या ठोक्यांचा आवाजही त्याच पावलांना बांधा. त्या ठोक्यांचे चार सूर फॅमिकॉमच्या त्रिकोणी लहरीच्या आवाजाच्या चॅनेलवर छान वाजतात. त्या चॅनेलचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, पण इथे करायचाच नाहीये.

पडद्याच्या वरून मधूनमधून जाणाऱ्या उडत्या तबकडीला मारल्याचे गुणही सोडू नका. ते नशिबावर नाहीत, तुमच्या गोळ्यांच्या मोजणीवर आहेत: तेविसाव्या गोळीला ३००, मग दर पंधराव्या गोळीला. जुने खेळाडू मनात मोजतात. ते नसेल तर त्यांना लगेच कळतं.

सी वापरायचंच असेल तर सीसी६५ हा कंपायलर आहे, पण व्हीब्लँकमधला भाग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेतच लिहा.

कॅसेट स्वतः बनवायची हौस असेल तर बाजारातली जुनी कॅसेट उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. बहुतेकींच्या आत चिपच नसते, बोर्डावर नुसता काळा डांबरासारखा थेंब असतो, तो काढून काही बदलता येत नाही. पाय असलेल्या दोन चिप दिसल्या तर घ्या. त्यांच्या जागी एक ३२ केबीची ईप्रॉम (स्वतः भरता येणारी मेमरी चिप) प्रोग्रामसाठी, एक ८ केबीची चित्रांसाठी. एक-दोन पाय वाकवून तारेनं जोडावे लागतात. सोल्डरिंग मला येत नव्हतं, स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी करून दिलं. पैसे घेतले नाहीत, दोन डाव खेळले.

शेवटचं, कायद्याचं. घरात खेळा, कोड स्वतः लिहा, चित्रं स्वतः काढा. मूळ गेमची रॉम फाइल उतरवून त्यातले तुकडे वापरू नका, आणि टायटोचं नाव किंवा गेमचं नाव छापून विकायला तर अजिबात जाऊ नका. माझ्या कॅसेटवर चिकटपट्टी लावून बॉलपेननं एवढंच लिहिलंय: "५० वर चालते".