पक्षाघातानंतर आईला घरकाम करू द्यावं का? थेरपिस्ट मेथी निवडायला का सांगतात?

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपूर्वी आईंना पक्षाघाताचा झटका आला. चालणं बरंच सुधारलंय, पण उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही. घरात स्वयंपाकाला बाई ठेवलीत, टीव्ही पलंगासमोर आणलात, त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, तरी त्या दिवसेंदिवस गप्प होत चालल्यात. आणि थेरपिस्टने मेथी निवडायला सांगितली तेव्हा तुम्हाला वाटलं, याला का उपचार म्हणायचं?

मी बारा वर्षं ऑक्युपेशनल थेरपीच करते, म्हणजे माणसाच्या रोजच्या कामांतूनच त्याच्यावर उपचार. थेट सांगते: मेथी निवडणं हाच उपचार आहे, आणि तुमच्या आईंना तो फार आधीच मिळायला हवा होता.

आधी शब्दाचा घोळ. 'ऑक्युपेशन' म्हटलं की फॉर्मवरचा नोकरी-धंद्याचा रकाना आठवतो. मराठीत 'व्यवसायोपचार' म्हणतात, त्यानं गैरसमज आणखी पक्का होतो. एका आजोबांनी मला विचारलं होतं, "मी तर रिटायर्ड आहे, मला कशाला पाठवलंय?" माझ्या मते खरा शब्द आपल्या तोंडी रोज असतो: उद्योग. 'काय उद्योग चाललेत?' असं आपण नातवाला विचारतो आणि आजीलाही. तुळशीला पाणी घालणं, शब्दकोडं, नातीची वेणी, दुपारची वामकुक्षी, सगळं त्यात आलं. माणूस या उद्योगांत का रमतो आणि ते सुटले की त्याचं काय होतं, याचा अभ्यास म्हणजे ऑक्युपेशनल सायन्स. एलिझाबेथ यर्क्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात ही स्वतंत्र ज्ञानशाखा उभी केली. उपचार मात्र त्याहून जुना. आपल्याकडे कमला निंबकरांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. त्या जन्मानं अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच झाल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल, आईंना रिकामं थोडंच ठेवलंय? टीव्ही आहे, फोनवर भजनं आहेत. लॉस एंजेलिसमध्ये नव्वदच्या दशकात साठी ओलांडलेल्या ३६१ जणांवर एक अभ्यास झाला, तो इथे आठवतो. एका गटाला नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी दिली. दुसऱ्या गटाला वेळ छान जाईल असे सामूहिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटाची तब्येत आणि उमेद, दोन्ही इतरांपेक्षा चांगली राहिली. कार्यक्रमवाला गट मात्र काहीच न मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरला नाही. नुसतं गुंतवून ठेवून भागत नाही. काम त्या माणसाचं स्वतःचं असावं लागतं.

माझ्याकडे एक आजी यायच्या, त्यांचाही उजवा हात गेलेला. आम्ही रबरी चेंडू दाबायला द्यायचो. पाच वेळा दाबून त्या तो बाजूला ठेवायच्या. एकदा सुनेच्या बोलण्यात आलं की त्या दर चातुर्मासात वाती करून गल्लीत वाटायच्या. पुढच्या वेळी मी कापूस आणला. पुंजका ओढून पातळ करायचा, मधोमध चिमटीत उचलायचा, बोटाला दुधाचा थेंब लावून शेंडीला पीळ द्यायचा. पहिली वात सुटली, दुसरी सुटली. तिसरीला त्यांनी जीभ दातांत धरली आणि अंगठा तर्जनीला टेकला. चेंडूने महिनाभर जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. जाताना म्हणाल्या, "श्रावणाला किती दिवस उरलेत गं?"

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅन विलकॉक यांनी १९९८ मध्ये करणं, असणं आणि होत जाणं हे तीन शब्द एकत्र मांडले. पुढे त्यात 'आपलं असणं', म्हणजे चार माणसांतलं एक असणं, हा चौथा आला. वात वळणं हे करणं झालं. 'मी वाती करणारी' हे असणं. श्रावणापर्यंत हात तयार करायचा हे होत जाणं, आणि गल्लीत वाटणं हे आपलं असणं. तुम्ही आईंचं पहिलं काढून घेतलंत, प्रेमानंच काढून घेतलंत, पण बाकीची तीनही त्याच्यासोबत गेली. बाहेरच्या परिस्थितीमुळे माणसाच्या हातचे उद्योगच जातात, त्या अवस्थेवर गेल व्हाइटफर्ड यांनी न्यूझीलंडच्या तुरुंगातल्या कैद्यांमध्ये अभ्यास केला होता. घराची तुरुंगाशी तुलना कठोर वाटेल. पण पेला उचलायचीही मुभा नसलेल्या माणसाचा दिवस तुम्ही एकदा तास-तास लिहून बघा.

मेथीचं म्हणाल तर तिला दोन्ही हात लागतात. कमजोर हाताने जुडी धरायची, चांगल्या हाताने पानं खुडायची. जमलं की अदलाबदल. पाऊण तास लागला तरी लागू द्या. आणि त्यांनी निवडलेली भाजी त्यांच्यासमोर परत निवडू नका. मी घराघरांत पाहिलंय, सगळी मेहनत नेमकी तिथे वाया जाते. निवडलेली भाजी त्याच दिवशी शिजवा, ती कुणी निवडलीय ते जेवताना बोला.

गॅसपाशी मात्र घाई नको. पक्षाघातानंतर हाताला गरम-गार कळेनासं होऊ शकतं, तव्याचा चटका बसला तरी समजत नाही. उजव्या हाताची संवेदना थेरपिस्टकडून तपासून घ्या, त्याआधी तवा, सुरी, विळी नको. पीठ मळणं, शेंगा सोलणं, कपड्यांच्या घड्या चालतील.

आणि काय द्यायचं हे तुम्ही ठरवू नका. आज संध्याकाळी आईंजवळ बसा आणि विचारा, "या घरातलं कुठलं काम दुसऱ्यानं केलेलं तुला बघवत नाही?" उत्तर यायला वेळ लागेल, पण थांबा. जे सांगतील ते थेरपिस्टना तसंच्या तसं कळवा.