चित्रं घरी द्या, पण मिरगाआधी परत घ्या

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या ड्रॉइंग मास्तरांच्या घरच्यांनी त्यांची चाळीसेक जलरंगातली चित्रं वाचनालयाला दिली. खाडी, होड्या, जाळी शिवणाऱ्या बायका. ती कपाटात पडून आहेत. पुस्तकांसारखी सभासदांना घरी देता येतील का? कमिटी विचारते, असं कुठे झालंय?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : झालंय तर! अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात एलन जॉन्सन या प्राध्यापिकाबाईंनी १९४० साली हे सुरू केलं. मुलं संग्रहालयातली अस्सल चित्रं सत्रभर खोलीवर नेतात, अगदी पिकासोसुद्धा, आणि त्यासाठी आदल्या रात्रीपासून रांगेत झोपतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही १९५१ पासून तीसेक वर्षं चित्रं भाड्याने दिली. पण कमिटीला बर्लिनचं सांगा. तिथल्या राइनिकेनडॉर्फ भागातली ग्राफोथेक ही सार्वजनिक संस्था १९६८ पासून छापचित्रं पुस्तकांसारखी घरी देते. आणि चित्रं दाखवत कथा सांगणारे आपले पिंगुळीचे चित्रकथी तर चित्रांच्या पोथ्या घेऊन देवळोदेवळी जायचेच.

मला काळजी आहे ती ओलीची. मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. एका जूनमध्ये मी हौसेने एक निसर्गचित्र सभासदाला दिलं. गणपतीनंतर परत आलं तेव्हा आभाळात तपकिरी ठिपके दिसले. क्षणभर वाटलं, पक्षीच आहेत. चष्मा पुसून पाहिलं तर बुरशी. कागद काचेला चिकटला होता, सोडवताना आभाळाचा पापुद्रा काचेवरच राहिला. सभासदाची चूक नव्हती. पावसाचा मारा झेलणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला चित्र टांगलेलं, आणि ते तिथे टांगू नका हे मीच सांगितलं नव्हतं.

म्हणून चित्रं दसऱ्यानंतर द्या आणि मिरगाआधी सगळी परत घ्या. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, म्हणजे कागद काचेला टेकणार नाही. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांच्यामधून वारा खेळतो. ऊनही नको, जलरंग विटतात. देण्याआधी पुढून-मागून फोटो काढून रजिस्टरला लावा.

अनामत मात्र पुस्तकाइतकीच ठेवा, हे अगदी कळकळीने सांगते. जास्त ठेवलीत तर चित्रं चार बंगल्यांतच फिरतील. मास्तरांनी जाळी शिवणाऱ्या बायका काढल्यात ना? मग त्यांच्या माजघरातल्या कोरड्या भिंतीवर पहिलं चित्र लागू दे.