हिरो माझा, पण केप कुणाची?

प्रश्न : ताई, मी स्वतःचं सुपरहिरो कॉमिक काढतेय पण मित्र म्हणतात केप, उडणं, दुहेरी ओळख हे सगळं मोठ्या कंपन्यांचं आहे, उद्या केस होईल. आता पुढचं पान काढायलाच हात धजत नाही. खरंच असं असतं का?

उत्तर : असं नसतं, आणि ही भीती आधी डोक्यातून काढा, कारण मला मनापासून वाटतं की कोर्टाने थांबवलेल्या कॉमिक्सपेक्षा अशा ऐकीव गोष्टींमुळे अर्धवट राहिलेली कॉमिक्स कितीतरी जास्त असतील. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, ती तुम्ही ज्या चित्रांत आणि शब्दांत मांडता त्यावर असतो. १९३९ मध्ये विल आइसनरने व्हिक्टर फॉक्स या प्रकाशकासाठी 'वंडर मॅन' काढला, सुपरमॅनच्या मालकांनी लगेच केस ठोकली आणि १९४० मध्ये अमेरिकेतलं अपील कोर्टही त्यांच्याच बाजूने गेलं. पण का, ते बघा. साध्या कपड्यांखाली लपवलेली ताकद, अंगावर आपटून परत जाणाऱ्या गोळ्या, हाताने चुरगाळलेली बंदूक, बिल्डिंगांवरून उड्या, एकामागून एक सगळं तेच, फरक काय तर एकाचा ड्रेस निळा आणि दुसऱ्याचा लाल. आणि त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की लोकांचं भलं करणारा महाबली, एवढ्या नुसत्या कल्पनेवर कुणाची मक्तेदारी असू शकत नाही. तुमच्यासाठी हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आता दुसरी गंमत बघा, ही मला फार आवडते. फॉसेट कंपनीचा 'कॅप्टन मार्व्हल', 'शझाम' म्हटलं की पोराचा महाबली होणारा, त्याच्यावरही सुपरमॅनवाल्यांनी १९४१ मध्ये केस केली, ती १९५३ मध्ये तडजोडीने मिटली आणि फॉसेटने हा हिरोच बंद केला. पण ब्रिटनमध्ये त्याच गोष्टी छापून विकणाऱ्या प्रकाशकाला छापायला काही उरलं नाही, मग त्याने मिक अँग्लोकडून १९५४ मध्ये 'मार्व्हलमन' करून घेतला. काळ्या केसांचे सोनेरी केस झाले, केपच गेली, 'शझाम'च्या जागी 'किमोटा' आलं, म्हणजे 'ॲटॉमिक' साधारण उलटं म्हणून बघा. मूळ हिरोशी नातं उघड दिसतंय, पण पुढे याच पात्रातून सुपरहिरोकडे बघायची नवीनच नजर तयार झाली. तोच जेव्हा १९८५ मध्ये अमेरिकेत छापायचा झाला तेव्हा 'मार्व्हल' नावाच्या कंपनीमुळे त्याला 'मिरॅकलमन' व्हावं लागलं. आणि तोवर रिकामं पडलेलं कॅप्टन मार्व्हल हे नाव १९६७ मध्ये मार्व्हलने आपल्या नवीन हिरोसाठी घेतलेलं, म्हणून १९७३ मध्ये डीसीने, म्हणजे सुपरमॅनवाल्या कंपनीने, जुना हिरो परत आणला तेव्हा मासिकाचं नाव 'शझाम!' ठेवावं लागलं.

तेव्हा केप खुशाल काढा. सांभाळायचं ते नाव, छातीवरचं चिन्ह, आणि एकाच ओळखीच्या हिरोवरून ड्रेस, शक्ती, प्रसंग असं सगळं एकत्र उचलणं. नाव आणि चिन्ह ट्रेडमार्कमध्ये येतात आणि ट्रेडमार्क वापरात असेपर्यंत चालू राहतो, कॉपीराइटसारखा ठरावीक वर्षांनी संपत नाही.

प्रश्न : भयकथांच्या कॉमिक्सवर अमेरिकेत कायद्याने बंदी होती म्हणे, मग ती परत कशी आली?

उत्तर : कायदा नव्हताच तो! १९५४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावणी झाली, प्रकाशक घाबरले आणि सरकारने काही करायच्या आत त्यांनी स्वतःच कॉमिक्स कोड बनवला. नावात 'हॉरर' नको, व्हॅम्पायर नको, झोंबी नको, शेवटी गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. कागदावर हे ऐच्छिक, पण कोडचा शिक्का नसेल तर वितरक माल उचलायचे नाहीत, मग करणार काय.

ईसी कॉमिक्स या भयकथा छापणाऱ्या कंपनीची 'जजमेंट डे' ही गोष्ट तर माहीत असायलाच हवी. निळे आणि नारिंगी रोबो एकमेकांत भेदभाव करतात, पृथ्वीवरून आलेला तपासनीस सांगतो की तुम्ही आमच्यात सामील व्हायला अजून तयार नाही, आणि शेवटच्या चौकटीत हेल्मेट काढतो तर तो कृष्णवर्णीय, चेहऱ्यावर घामाचे थेंब. कोडच्या माणसाने सांगितलं की हा कृष्णवर्णीय चालणार नाही. प्रकाशक विल्यम गेन्सने ऐकलं नाही, १९५६ मध्ये ती आहे तशी छापली आणि ईसीचं ते शेवटचं कॉमिक ठरलं. मला याचा अजूनही राग येतो, कारण ज्या नियमाच्या नावाने हे चाललं त्यात असं काही लिहिलेलंच नव्हतं.

नंतर १९७१ मध्ये स्पायडरमॅनचे व्यसनाच्या गोष्टीचे तीन अंक शिक्क्याशिवाय आले, त्याच वर्षी कोड सैल झाला, व्हॅम्पायर परतले, आणि २०११ पर्यंत उरलेल्या प्रकाशकांनीही तो सोडला.

प्रश्न : एक कंपनी पानामागे पैसे देतेय, पात्र माझंच आहे. सही करू का?

उत्तर : वाचल्याशिवाय नाही. सुपरमॅन ज्यांनी निर्माण केला त्या सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३ पानांचे १३० डॉलर घेऊन त्याचे सगळे हक्क देऊन टाकले आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टात घालवली. उलट १९९२ मध्ये काही नावाजलेले चित्रकार बाहेर पडले आणि पात्राचा हक्क चित्रकाराकडेच राहील अशी इमेज कॉमिक्स त्यांनी उभी केली. करारात पात्राचे हक्क, सिनेमा, खेळणी, पुनर्मुद्रण हे शब्द शोधा, सगळंच कंपनीकडे जात असेल तर फक्त या एका कॉमिकचे छपाईचे हक्क देते असं लिहून मागा, आणि मूळ स्केचेस तारखेसकट जपून ठेवा.